खाटेखालचे सासरेबुवा

माय,

परवा एका ओळखीच्या बाईंकडे गेले होते. सहाव्या मजल्यावर घर, पायाखाली आरशासारखी फरशी, आणि गॅलरीच्या कोपऱ्यात सोनेरी तारांचा दुमजली पिंजरा. आत एक पांढरा ससा. पाण्याची बाटली उलटी टांगलेली, खाली गवत म्हणून कसलं तरी विकतचं गवत. सशाला म्हणे रोज संध्याकाळी बाहेर काढतात. फरशीवर चादर अंथरतात, दारं लावतात आणि घरातली सगळी माणसं सोफ्यावर पाय वर घेऊन बसतात. मी म्हटलं, बरं आहे, तुरुंगातसुद्धा कैद्याला तेवढं अंगण मिळतं. त्या खळखळून हसल्या. मी लोकांना टोचून लिहिते आणि त्याचे मला पैसे मिळतात, त्यामुळे घरी येऊन टोचलं तर लोकांना तो मान वाटतो. पण हसत नव्हता तो ससा. तो तारेला नाक लावून माझ्याकडे बघत होता, आणि मला तुझा आवाज स्पष्ट ऐकू आला: "पिंजरामा ठेवेल म्हंजे खावाले ठेवेल." पिंजऱ्यात ठेवलंय म्हणजे खायलाच ठेवलंय. हे वाक्य तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा आपली खोली जायची वेळ आली होती, आणि तरीही तू ते म्हणालीस. त्या दिवसांचं सगळं तुला लिहावं असं त्या सोफ्यावर, पाय वर घेऊन बसल्या बसल्या, माझ्या मनात आलं. तुझं तुलाच काय सांगायचं, असं तू म्हणशील. पण तेव्हा मी लहान होते, आणि तू काय करते आहेस हे मला कळत नव्हतं. बहुतेक तुलाही कळत नसावं.

ती खोली मला अजून डोळे मिटून फिरता येते. सुरतेच्या बमरोलीत मागच्या बाजूच्या अंगणाभोवती ओळीनं खोल्या, आणि पुढे मालकिणीचं पक्कं घर. मालकीण विधवा, पांढऱ्या साडीतली, एका कानानं अधू. तिला सगळे भाडेकरू 'बा' म्हणत. माझे वडील, आबा, साच्यावर म्हणजे कापडाच्या मागावर कामाला, आणि खानदेशातून आलेल्या माणसाला सुरतेत साचा लवकर मिळतो पण खोली मिळत नाही, हे त्यांनी आधीच्या चार दारांवर शिकून घेतलेलं. बानं पाचव्या दारावर तीन बोटं नाचवून विचारलं होतं, "इंडुं? मच्छी? मटन?" आणि आबांनी तिन्ही बोटांना तीनदा मान हलवून नाही म्हटलं होतं. चौथी अट तिनं वेगळी सांगितली: तिच्या घराच्या उंबरठ्याच्या आत भाडेकरूनं पाऊल टाकायचं नाही, कारण आत शिरलं की लगेच डाव्या हाताला तिचं पाणियारुं. म्हणजे पिण्याच्या पाण्याचा ओटा. वर घासून लखलखीत केलेली पितळी बेडी म्हणजे एकावर एक रचलेल्या घागरी, मातीचे माठ, शेजारी संध्याकाळचा दिवा. देवघराइतकंच पवित्र. आम्ही अंगणातून बघायचो. तांब्या असा चमकायचा की त्यात आमची तोंडं लांबून वाकडी दिसायची.

त्यात तो ससा आला. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तुला माहेरी जायचं होतं आणि जाता आलं नव्हतं, म्हणून माहेर तुझ्याकडे आलं. मामा बारडोलीकडे ऊसतोडीला होता. तोड संपवून गावी परतताना तो वाट वाकडी करून आपल्याकडे उतरला, एका हातात उसाच्या वाढ्यांची पेंढी आणि दुसऱ्या हातात तोंड बांधलेली पिशवी. ती पिशवी हलत होती. बाजारात कुणी तरी टोपलीत घालून पांढरे ससे विकत होता म्हणे. बहिणीच्या सणाला रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून यानं एक घेतला. "आखाजीना रस्सा करजो," मामा म्हणाला. तू पिशवीचं तोंड सोडलंस. लाल डोळे, लांब कान, आणि भीतीनं सगळं अंग थरथरणारं. तू त्याच्याकडे बघितलंस. मग मामाला म्हणालीस, "तू रस्साले आणा का माले कंपनीले आणा?" मामा उसाची पेंढी कोपऱ्यात ठेवायला वळला. त्या जनावराला तू खाली ठेवलंस, तशी त्यानं एक उडी मारली आणि ते खाटेखाली गेलं. आबा म्हणाले, एखादं खोकं बघतो, त्यात ठेवू. "नको," तू म्हणालीस. "वावरनं जनावर शे, त्याले वावरू द्या."

या वाक्यावर मी पुढे आयुष्यभर विचार करत आले. आपल्याकडे शेताला वावर म्हणतात, आणि घरात मोकळेपणी हिंडण्या-फिरण्याला वावरणं. जिथं वावरता येतं ते वावर. एवढी साधी गोष्ट मी शाळेत, कॉलेजात, कुठल्याही पुस्तकात वाचली नाही. खरं तर त्या सशानं जन्मात वावर पाहिलं नव्हतं. तो टोपलीत जन्मला, पिशवीतून आला. पण तसं पाहिलं तर मीही वावर पाहिलं नव्हतं, आणि तू मला कधी खोक्यात ठेवायचं म्हणाली नाहीस.

बाला कळण्याआधी आपणच सांगावं, असं तू ठरवलंस. तुझं गुजराती तेव्हा नवंकोरं होतं आणि त्याचा कायदा सोपा होता: मराठी शब्दाच्या शेवटी ओ लावायचा आणि वाक्याच्या शेवटी छे. मी तुझ्या पदराला धरून अंगणात उभी आहे. बा उंबरठ्यावर बसून वालाच्या शेंगा सोलते आहे.

"बा, अमारे घेर ससो आइवो छे," तू म्हणतेस.

गुजरातीत सशाला ससलुं म्हणतात, आणि सासऱ्याला ससरो. हे तुला ठाऊक नव्हतं. बाला ते ठाऊक होतं, पण तिचा तुझ्या बाजूचा कान अधू होता.

"कोण? ससरा आइवा?"

"हो, ससरो," तू म्हणतेस. गुजरातीत त्याला ससरो म्हणतात वाटतं, ही नवी माहिती तू तिथल्या तिथे गाठीला बांधतेस. "बारडोलीथी ससरो आइवो."

बाच्या कपाळावर आठी. "आइवो नहीं, आइवा बोलाय. वडील छे." मोठ्या माणसाला आइवा म्हणायचं असतं, पोरी.

तू थक्क. नंतर घरी येऊन तू आबांना सांगितलंस की ही माणसं सशालासुद्धा अहो-जाहो करतात, जीवदया जीवदया म्हणतात ती हीच. पण तेव्हा तू घाईनं चूक सुधारलीस. "आइवा, आइवा."

"हुं जमे छे?" जेवतात काय, बा विचारते.

"पालो. मुळो. गाजर."

"बस? रोटली नहीं?"

"ना. पालो बहु आवडे."

बा खूश होते. असा सात्त्विक म्हातारा भाडेकरूंच्या घरात आला म्हणजे घराला वळण लागेल. "दांत छे?"

"आगळना छे. बहु मोटा." पुढचे आहेत, चांगले मोठे.

"ने हुवे क्यां?" झोपतात कुठं?

"खाटला नीचे."

बाच्या हातातली शेंग तशीच राहते. "खाटला नीचे?"

"ऊपर चढे तो गोदडी बगाडे," तू अगदी समजुतीच्या सुरात सांगतेस. वर चढले तर गोधडी घाण करतात. "एटले नीचे. फडको टाक्यो छे." फडकं टाकलंय खाली.

बा तुझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती नजर मला अजून आठवते. पुढे मी कितीतरी सुना आणि कितीतरी सासवा बघितल्या, पण सुनेच्या जातीबद्दलचं एवढं दुःख एका चेहऱ्यावर पुन्हा दिसलं नाही.

संध्याकाळी ती आली. हातात वाटीभर शिरा, तुपानं थबथबलेला, दाढा नसलेल्या माणसालाही चालेल असा. दारात थांबून तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, घसा खाकरला, आणि खाटेखालच्या अंधाराला वाकून हात जोडले: "जे श्री कृष्ण." अंधारातून प्रथम दोन कान आले, मग नाक, आणि मग सासरेबुवा सगळेच्या सगळे बाहेर आले आणि शिऱ्याची वाटी हुंगू लागले.

माय, दुसरी कुठलीही बाई त्या वेळी हसली असती किंवा रडली असती. तू पदर सावरून म्हणालीस, "बा, आ ससरो," जणू ओळख करून द्यायचीच राहिली होती.

बा मटकन पाटावर बसली. हसली नाही ती. हळूहळू तिच्या डोक्यात एक एक गोष्ट जागेवर बसताना मी पाहिली: खानदेशी माणसं, सण, ऊसतोडीवरून आलेला भाऊ, आणि ससा. "तमे आने खावाना," ती म्हणाली. तुम्ही हा खाणार. आबा तेवढ्यात कामावरून आले. त्यांनी दारातूनच परिस्थिती ओळखली आणि नाही बा, शपथ बा, उद्याच पिंजरा आणतो बा, असं सुरू केलं. बालाही ते पटलं. पिंजरा आणा, अंगणात ठेवा, माझ्या डोळ्यांसमोर राहील. दोघांचं जमलं. खोली वाचली. आणि तू, जिला कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणालीस की नाही. ते वाक्य तू आधी आबांकडे बघून आपल्या अहिराणीत म्हणालीस, मग बाकडे वळून तुझ्या गुजरातीत: "बा, जे खावानो ते पिंजरामा. जे घरनो ते घरमा."

आबांचा चेहरा असा की बायकोनं छप्पर उचलून अंगणात ठेवलंय. बानं सशाकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, वाटी उचलली. "ठीक छे. पण जे दहाडे आ ना देखाय, ते दहाडे ओरडी खाली." ज्या दिवशी हा दिसला नाही, त्या दिवशी खोली रिकामी.

आता हे गणित बघ. ज्या जनावरावर राहती खोली टांगलेली आहे, त्याला कुठलाही शहाणा माणूस बांधून ठेवील, कुलपात ठेवील, जमलं तर उशाशी घेऊन झोपेल. आबा रोज तेच सांगत. ओळीतल्या बाया तेच सांगत. दार उघडं, अंगण उघडं, पलीकडे रस्ता, रस्त्यावर कुत्री. आणि तू त्याला मोकळं सोडलंस. कोंडून जिवंत ठेवला तर तो कसला ठेवला, असं तुझं म्हणणं. मी आज ज्यांना शहाणे म्हणून टोमणे मारते त्या सगळ्यांची सुरुवात माझ्या डोक्यात आबांपासून होते, आणि तुझ्यापासून होते ती दुसरी यादी. ती फार लहान आहे.

सासरेबुवांनी घराची घडी बदलली. नाव बदलायचा प्रश्नच नव्हता. बाला खरं कळल्यावर तू ते नाव मुद्दाम ठेवलंस. फुटक्या घमेल्यात राख घालून तू ते मोरीशेजारी ठेवलंस, आणि काही दिवसांत बुवा तिथंच जाऊ लागले. माणसांच्या पोरांपेक्षा लवकर शिकले, असं तू माझ्याकडे बघून म्हणायचीस. त्यांनी केरसुणी खाल्ली, आबांच्या चपलेचा अंगठा खाल्ला, भिंतीवरच्या कॅलेंडरचा खालचा भाग खाल्ला, त्यामुळे आपल्याकडे महिन्याचा शेवटचा आठवडा कधी आलाच नाही. उन्हाळ्यात ते माठाखालच्या ओल्या गोणपाटावर पाय पसरून पडायचे. कुणी परकं दाराशी आलं की मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटायचे. "सासरेबुवा खाकरले, पदर घ्या," असं म्हणून तू खरोखर पदर घ्यायचीस आणि हसायचीस.

आणि पाय. आपल्या खोलीत दिवसाही अंधारच असायचा, आणि बुवांना माणसांच्या पायांत घोटाळायची खोड. एकदा आबांचा पाय त्यांच्यावर पडता पडता राहिला. त्या दिवसापासून तू हुकूम काढलास: घरात पाऊल उचलून टाकायचं नाही, जमिनीवरून सरकवत न्यायचं. पाऊल घासत गेलं की बुवांना आधी ऐकू येतं, आणि आडवे असले तर बाजूला सरकतात. अगं, तीच तू! पाय घासत चालले म्हणून तू माझ्या पोटऱ्यांवर किती वेळा उलथनं मारलं होतंस. पाय ओढत चालणाऱ्या बाईच्या घरात दळिंदर येतं, असं तुझ्या आईनं तुला आणि तिच्या आईनं तिला सांगितलेलं. ते सगळं तू एका सशासाठी मोडीत काढलंस, आणि तेही कुठलं भाषण न करता. मी एवढं विचारलं, "आता दळिंदर नाही येणार का?" तर म्हणालीस, "आपले शोधत शोधत ते कव्हय येवो, आपण बमरोलीले उनूत." आपल्याला शोधत ते कधी यायचं, आपण तर बमरोलीला आलो. सगळं घर सरपटत चालायला लागलं. आबा कामावर निघताना खोलीत आगगाडीच्या इंजिनासारखे सरकत जायचे आणि उंबरा ओलांडला की माणसासारखे चालायला लागायचे.

तुझ्या खऱ्या सासऱ्याबद्दल तू फार बोलली नाहीस. एवढंच कळलं होतं की गावच्या घरी ते पुढच्या ओट्यावर बसलेले असत आणि ते बसलेले असेपर्यंत सुनेनं चुलीच्या खोलीतून बाहेर पडायचं नसे. पाणी आणायचं तर मागच्या दारानं, वळसा घालून. बांगड्यांचा आवाज नको, पावलांचा आवाज नको. ते दिवसभर ओट्यावर बसत. एकदा तू बुवांपुढे मेथीच्या काड्या टाकत होतीस, पदर खांद्यावर, केस मोकळे, खोलीभर मोठ्यानं बोलत, आणि मधेच थांबून म्हणालीस, "सासरानी माले कोंडं, मी सासराले मोकळं सोडं." आणि पुन्हा काड्या टाकायला लागलीस. मी आजवर सासूसुनांवर जेवढं लिहिलं त्या सगळ्याला या एका वाक्याची सर नाही. लोक माझी वाक्यं एकमेकांना वाचून दाखवतात, आणि मी मनात म्हणते, यात माझं काय आहे, ही माझ्या मायच्या घरातली उरलेली भाकर.

बा रोज सकाळी यायची. दाराशी उभी राहून, आत न येता, "ससरा क्यां?" विचारायची. बुवा दिसले की जायची. काही दिवसांनी जाताना गाजराची देठं ठेवून जाऊ लागली. मग तिच्या ओळखीच्या बाया यायला लागल्या, आणि ती त्यांना आपली खोली दाखवायची: बघा, खानदेशी आहेत, घरात ससा फिरतो, आणि खात नाहीत. आम्हाला कुणी चारित्र्याचा दाखला विचारला की आम्ही खाटेखाली बोट दाखवायचं. जगात इतर लोकांनी काही न करणं हे गृहीत असतं, आपल्याला मात्र न केल्याचा पुरावा पाळावा लागला, आणि त्याला रोज मेथी घालावी लागली. आबांना कधी कधी मटणाची आठवण व्हायची, मग ते कामरेजला एका दोस्ताकडे जाऊन यायचे आणि आल्यावर बुवांपुढे जरा खजील होऊन बसायचे.

मग पुन्हा आखाजी आली, आणि मामाही आला. या वेळी हात रिकामे, चेहरा ओशाळा. तू पुरणपोळ्या केल्यास, आणि पुरणाच्या डाळीच्या कटाची रशी. आपली रशी, काळ्या मसाल्याची. कांदा-खोबरं विस्तवावर भाजून, लवंग, दगडफूल, तेलात जळेपर्यंत परतून. तो वास अंगणात पसरला की ओळीतली खानदेशी माणसं डोळे मिटायची, आणि बाकीची नाक मुरडायची. मसाल्याला कुठं ठाऊक असतं आपण डाळीत पडलो आहोत की मटणात. दुपार झाली आणि सासरेबुवा दिसेनात.

खाटेखाली नाहीत. माठाखाली नाहीत. राखेच्या घमेल्यात, गोणपाटामागे, आबांच्या पेटीमागे नाहीत. मी अंगण पालथं घातलं, मामा रस्त्यापर्यंत जाऊन कुत्र्यांची तोंडं बघून आला. आणि तेव्हाच बा दाराशी. "ससरा क्यां?" तिनं मामाकडे पाहिलं, मग नाकानं एक लांब श्वास घेतला. तो वास. तो मामा. तो सण. मी तिच्या जागी असते तरी माझी खात्री झाली असती, हे मी आज तिच्या बाजूनं कबूल करते.

"खाई गया," ती म्हणाली. खाऊन टाकला. ओरडली नाही. आवाज फाटला होता तिचा. "खाई गया ने?"

आबा हात जोडून पुढे झाले. तू त्यांना बाजूला केलंस. चुलीवरचं पातेलं उतरवून तू तिच्या पायांपुढे ठेवलंस. मग दुसरं. मग तवा, कढई, परात, झाकणीसकट सगळी भांडी, एकेक, दारात. "हुंगो, बा," तू म्हणालीस. आणि तिनं, माय, खरोखर वाकून हुंगली. पळीनं रशी ढवळून पाहिली. खाली डाळीचं पाणी आणि वर तेलाचा तवंग, दुसरं काही निघालं नाही. "हाडकां फेंकी दीधां अहे," ती पुटपुटली. हाडं टाकून दिली असतील. आणि पदर डोळ्यांना लावून गेली.

ती गेल्यावर तू परात उपडी केलीस आणि तिच्यावर गाठोडं बांधायला घेतलंस. आबा म्हणाले, अगं, तिनं अजून खोली सोडा म्हटलं नाही, पाया पडू, समजावू. "तिनं नही सांगं," तू म्हणालीस, "मी सांगस. जठे मन्हा भांडा हुंगतस, तठे माले चूल नको." जिथं माझी भांडी हुंगतात तिथं मला चूल नको. कुठं जाणार होतो आपण? दुसरं दार नव्हतं. हे आबांना ठाऊक होतं, मामाला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तुलाच ठाऊक नव्हतं असं नाही. तू गोधडीच्या घड्या घालत होतीस, आणि मधेच तुझा हात खाटेखालचं फडकं काढायला गेला, तिथं थोडा थांबला, आणि ते तसंच राहू दिलंस. तू बुवांसाठी रडशील असं मला वाटलं. तू गाठ आवळलीस.

तेवढ्यात पुढच्या घरातून हाक आली. सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशी:

"ओ वहू! तारा ससरा मारे पाणियारे बेठा छे!"

सूनबाई, तुझे सासरे माझ्या पाणियाऱ्याला बसलेत! मी धावले. पितळी बेडीच्या खाली, माठांच्या गारव्याला, दिव्याच्या कोनाड्यापाशी, त्या घरातल्या सगळ्यात पवित्र जागी सासरेबुवा पाय पसरून पडलेले. ज्या उंबरठ्याच्या आत आमच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं तिथं ते कुणाला न विचारता गेले होते. त्यांना वावरायची सवय होती. बा भिंतीला टेकून उभी होती, एक हात तोंडावर. हसत होती की रडत होती ते तिलाही कळत नसावं. आणि मी दारातच थबकले, कारण आत जायचं नाही हे माझ्या पायांना पाठ होतं.

तू सावकाश आलीस. पदर खोचलेला, हाताला गाठोड्याच्या सुतळीचे वळ. उंबरठ्याशी थांबलीस. बा म्हणाली, "लई जा नी." घेऊन जा ना. तू हलली नाहीस. म्हणालीस, "अमे अंदर ना चाले, बा. तमे ज बोल्या छो." आम्ही आत चालत नाही, तुम्हीच सांगितलंय. एवढंच. वरची पट्टी नाही, टोमणा नाही. जे होतं ते तिच्यापुढे भांड्यासारखं मांडून ठेवलंस, हुंगायला.

सगळ्या ओळीच्या बाया अंगणात जमल्या होत्या. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "ससरा अंदर आइवा, तो वहू बारणे केम ऊभी रहे? आव. अंदर आव." सासरे आत आले, तर सून दारात का उभी राहणार?

तू आत गेलीस. पण पाऊल उचलून नाही गेलीस, माय. सरकवत गेलीस, घासत, घरात जायचीस तशी, कारण खाली बुवा होते आणि तुझ्या पायांना ते ठाऊक होतं. बानं ते पाहिलं. पाय घासत आत येणारी बाई. तिच्याकडेही ते अशुभच असणार, पण ती तसं बोलली नाही. मऊ आवाजात म्हणाली, "पग दुखे छे, वहू?"

जगातल्या प्रत्येक प्रश्नाला काटेरी उत्तर देणारी तू, तुला त्या वेळी खरं सांगता आलं असतं. एका सशासाठी आम्ही सगळं घर असं चालतो, बा, आणि तुम्ही आमची भांडी हुंगलीत. केवढं वाक्य झालं असतं ते! मी असते तर सोडलं नसतं. तू म्हणालीस, "हो, बा. गुडघो." शेवटी ओ लावून.

बानं माठातून तांब्या भरून तुझ्या हातात दिला. तू मान वर करून, ओठ न लावता, सगळा रिकामा केलास. मी दारातून बघत होते, आणि त्या तांब्यात तुझं तोंड लांबून दिसतं तसं वाकडं दिसत नव्हतं. संध्याकाळी बाच्या घरून गुडघ्याला चोळायला मोहरीचं तेल आलं. तू ते चोळलंस. नीट असलेल्या गुडघ्यांना, कितीतरी दिवस, ती बघत असेल अशा बेतानं दारात बसून.

बुवा पुढे म्हातारे होऊन गेले, खाटेखाली, फडक्यावर. बानं अंगणातल्या लिंबाखाली जागा दाखवली, आणि पुरून झाल्यावर डोक्यावरून आंघोळ करून आली. सोयर-सुतकातल्या माणसासाठी करतात तशी. तूही केलीस. पण घरातली चाल कुणाचीच बदलली नाही. आबा तसेच सरकत राहिले, तू तशीच सरकत राहिलीस, शेवटपर्यंत, बाच्या खोलीतून आपल्या स्वतःच्या घरात आल्यावरही.

मला तुझी जीभ मिळाली आणि तिच्यावर मी पोट भरलं. पण ती कधी आवरायची, आणि कुणासाठी, ती तुझी अक्कल मला आली नाही, असं समजून मी इतकी वर्षं चालले. हे पत्र कुठे टाकायचं नाही. घडी घालून ते खाटेखाली सरकवलं तर योग्य माणसांना पोचेल, असंही वाटून गेलं. गुळगुळीत फरशीच्या माझ्या घरात ससा नाही, कधीच नव्हता. भरपूर उजेड आहे. आणि मी पाय घासत चालते. परवा त्या सहाव्या मजल्यावरून परत आले तेव्हा लेकीनं ते बघितलं. ती म्हणाली, "आई, पाय दुखतात का गं?" तिच्या आवाजात बा होती. मी म्हणाले, "हो गं. गुडघा." तिनं लगेच डॉक्टरांची वेळ घेतली आहे, शनिवारची, रजा टाकून ती माझ्याबरोबर येणार आहे. रोज तेल चोळते माझ्या गुडघ्यांना. ते ठणठणीत आहेत, माय. मी अजून तिला सांगितलेलं नाही.